विडिच १५, मँचेस्टर युनायटेड २००७-०८ होम रेट्रो जर्सी: छपाई एक नंबर, साइजचा मात्र घोळ

रोनाल्डो ७ किंवा रूनी १० हवी असेल तर कुठल्याही दुकानात तयार लटकवलेली मिळते. डिफेंडरचं नाव कोणी तयार ठेवत नाही, ते वेगळे पैसे भरून छापून घ्यावं लागतं. मला युनायटेडचा सर्बियन सेंटर-बॅक नेमान्या विडिचच हवा होता, इथे कस्टम नावाचा ऑप्शन दिसला आणि ऑर्डर टाकली. आता घालून, धुऊन, टर्फवर खेळून झालंय म्हणून सविस्तर लिहितोय, कारण खालच्या बाकीच्या रिव्ह्यूंमध्ये नुसतं "नाइस प्रॉडक्ट" आहे, त्यावरून घेणाऱ्याला काहीच कळत नाही.

आधी एक क्लिअर करतो, ही ओरिजिनल नाही, रेट्रो कॉपी आहे, आणि दुकानानेही तसं स्पष्ट लिहिलंय. कापड पॉलिस्टरचं, जरा जाडसर. एसीत किंवा थंडीत मस्त वाटतं, पण उन्हाळ्यात दुपारी घालून बाहेर पडलात तर पाठ चिकटणार. लाल रंग बरोबर जमलाय, स्वस्तातल्या कॉप्यांमध्ये तो केशरीकडे तरी जातो नाहीतर मरून तरी होतो. छातीवरचं स्पॉन्सर एआयजीचं नाव सरळ बसलंय, क्लबचा लोगो एम्ब्रॉयडरीचा आहे, आतून दोरे लोंबत नाहीत.

खरी मजा पाठीवर आहे. या जर्सीला मागे मधोमध पांढरी उभी रेघ असते, आणि बऱ्याच कॉप्यांमध्ये नंबर त्या रेघेच्या एका बाजूला सरकलेला दिसतो. इथे १ आणि ५ दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आहेत, मी पट्टी लावून बघितलं. फॉन्टही योग्य आहे. प्रीमियर लीगने त्याच सीझनपासून सगळ्या टीमना नवीन अक्षरं दिली होती, जी पुढे २०१६-१७ पर्यंत चालली, आणि ५ चा कट अगदी तसाच आलाय. ज्याने त्या वर्षांत रात्री जागून मॅचेस बघितल्यात त्याला चुकीचा फॉन्ट लगेच खटकतो, इथे खटकलं नाही.

आता हेच वर्ष का, तर युनायटेडने ही होम जर्सी दोन सीझन वापरली आणि विडिचची सगळ्यात भारी दोन वर्षं हीच. मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल आठवा, २१ मे २००८, समोर चेल्सी, १-१, एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, खेळाडूंची बाचाबाची झाली आणि चेल्सीच्या द्रोग्बाने विडिचच्या गालावर चापट मारली. रेड कार्ड. विडिचने उलट हात उचलला नाही, उचलला असता तर तोही बाहेर गेला असता. पुढे पेनल्टीत चेल्सीचा पाचवा शॉट घ्यायला टेरी आला, पाय घसरला, बॉल पोस्टला लागला आणि शेवटी युनायटेड ६-५ ने जिंकली. द्रोग्बा मैदानात असता तर तो पाचवा शॉट बहुतेक त्यानेच घेतला असता. त्या रात्रीबद्दल बोलताना सगळे रोनाल्डोचं हेडर आणि वॅन डर सारचा शेवटचा सेव्ह सांगतात, माझ्या मते ती न उचललेली मूठही तेवढीच मोठी आहे. आणि हे सगळं त्याच शहरात, जिथल्या स्पार्ताक क्लबकडून युनायटेडचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसनने विडिचला जानेवारी २००६ मध्ये साधारण ७० लाख पौंडांना आणलं होतं!

पुढच्या सीझनला लीगमध्ये ओळीने १४ मॅच वॅन डर सारने गोल खाल्ला नाही, १३११ मिनिटं. रेकॉर्ड गोलकीपरच्या नावावर लागतो आणि लागायलाच हवा, पण त्यातल्या मॅचेस परत बघा, बऱ्याचदा त्याला डाइव्ह मारायची वेळच येत नाही कारण क्रॉस आला की विडिचचं डोकं आधी पोचलेलं असतं. जोडीदार डिफेंडर फर्डिनंड शांतपणे जागा धरणार आणि हा थेट अंगावर जाणार, अशी वाटणी होती. दुसऱ्या बाजूच्या बॉक्समध्येही तेच, संडरलंडविरुद्ध ०-० चालू असताना इंज्युरी टाइममध्ये याचाच गोल, आणि मोरिन्योच्या इंटरविरुद्ध चौथ्या मिनिटाला गिग्जच्या कॉर्नरवर हेडर. त्या वर्षी प्रीमियर लीगचा प्लेअर ऑफ द सीझन विडिच होता, तोही रोनाल्डो टीममध्ये असताना.

कमजोरी होती, ती लपवत नाही. लिव्हरपूल आणि त्यांचा स्ट्रायकर टोरेस. मार्च २००९ ला ओल्ड ट्रॅफर्डवर टोरेसने त्याच्याकडून बॉल काढून घेतला, गोल केला, नंतर विडिचला रेड, मॅच १-४. लिव्हरपूलविरुद्ध लीगमध्ये त्याला एकूण चार रेड कार्ड मिळाली, त्यातली तीन तर लागोपाठच्या मॅचेसमध्ये. माझे लिव्हरपूलवाले मित्र ही जर्सी बघून पहिलं तेच काढतात, काढू देत. जो डिफेंडर प्रत्येक बॉलवर स्वतःला झोकून देतो तो कधीतरी उघडा पडणारच, मागे मागे सरकत जागा धरणाऱ्याचे असे फोटो निघत नाहीत. मला तरी झोकून देणाराच आवडतो.

देशाकडून मात्र नशिबाने साथ दिली नाही याचं मनापासून वाईट वाटतं. उझित्सेचा पोरगा, लहान वयात बेलग्रेडला रेड स्टारमध्ये आला, तिथे कॅप्टन झाला, २००३-०४ ला लीग आणि कप दोन्ही जिंकले. मग २००६ वर्ल्ड कपच्या क्वालिफायरमध्ये गाव्रान्चिच, क्रस्तायिच, विडिच आणि द्रागुटिनोविच या चौघांच्या बचावाने १० मॅचमध्ये फक्त १ गोल खाल्ला, स्पेनच्या ग्रुपमध्ये! आणि प्रत्यक्ष वर्ल्ड कपला विडिच पहिल्या मॅचला सस्पेंड, मग गुडघा दुखावला, एक मिनिटही खेळला नाही. अर्जेंटिनाने ६-० ने धुतलं. २०१० ला सर्बियाने जर्मनीला १-० हरवलं पण ग्रुपमधूनच बाहेर, आणि २०११ ला स्लोव्हेनियाविरुद्ध याचीच पेनल्टी हुकली, युरो गेला, त्यानंतर त्याने देशाकडून खेळणं थांबवलं. ५६ मॅचेस फक्त. त्याच डिसेंबरला बासेलमध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि तो सीझनही संपला. तरी परत येऊन कॅप्टन म्हणून २०१२-१३ ची लीग जिंकली, त्याचं पाचवं लीग टायटल. नंतरचं इंटर मिलान धरत नाही, पहिल्याच लीग मॅचला रेफरीसमोर टाळ्या वाजवल्या म्हणून रेड, आणि जानेवारी २०१६ ला रिटायर.

असो, जर्सीकडे परत. फिटिंग बघून घ्या. साइज चार्टमध्ये लार्ज म्हणून दिलंय ते आपल्याकडच्या मीडियमएवढं येतं, खांद्याला ठीक पण पोटावर घट्ट. बदलून मागितली तर कस्टम प्रिंट असल्याने बदलून मिळणार नाही म्हणाले, आणि ही अट ऑर्डर करताना कुठे दिसली नव्हती, ती बटणाच्या वरच मोठ्या अक्षरांत हवी. शेवटी थोडे पैसे देऊन दुसरी छापून घेतली, एक्सएल, ती परफेक्ट. मेसेजला उत्तरं मात्र पटापट देतात, आणि छापायच्या आधी नाव-नंबरचा फोटो पाठवून कन्फर्म करतात, हे आवडलं.

धुताना उलटी करा, थंड पाणी, हाताने. माझ्या एका मित्राने दुसरीकडची जर्सी मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली तर नंबरच्या कडा सुटल्या. माझी अजून जशीच्या तशी आहे, पाठीवर इस्त्री मात्र अजिबात फिरवू नका.

पाचपैकी चार. एक कापला तो साइज आणि रिटर्नच्या अटीसाठी. दुकानवाल्यांना एक विनंती, २०१०-११ ची एऑन स्पॉन्सरवाली होम जर्सी कायम आउट ऑफ स्टॉक दिसतेय, ती एक्सएलमध्ये आणा. त्या वर्षी हा कॅप्टन होता, मे महिन्यात चेल्सीविरुद्ध २-१ मधला दुसरा गोल त्याचा, तिथेच युनायटेडचं १९ वं लीग टायटल जवळजवळ पक्कं झालं आणि लिव्हरपूलचे १८ मागे पडले. आली की लगेच घेणार, नाव-नंबर तोच टाकायचा आहे.