लांब पास की पंट: आयोवा घ्यायचं की टेनेसी?

भाचीला दोन्हीकडून प्रवेश मिळालाय, आयोवा सिटी (आयोवा विद्यापीठ) आणि नॉक्सव्हिल (टेनेसी विद्यापीठ). फी, शिष्यवृत्ती, थंडी, भाडं हे सगळं तिनं आणि तिच्या बाबांनी एक्सेलमध्ये मांडून झालंय. शेवटचा रकाना मात्र तिनं माझ्यासाठी ठेवला: "मामा, फुटबॉल कुठलं बघण्यासारखं?" फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, विद्यापीठांच्या संघांचं. सांगलीत कबड्डी बघत मोठी झालेली मुलगी आहे, तिनं गंमत म्हणून विचारलेलं नाही. इकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी गावात दुसरं काही घडत नाही, आणि पहिल्या वर्षी जो संघ अंगाला चिकटला तो पुढे सुटत नाही.

मी सीडर रॅपिड्सला राहतो, आयोवाच्या मैदानापासून अर्ध्या तासावर. तेव्हा माझं मत तटस्थ नाही हे आधीच कबूल. पण आयोवाच्या आक्रमणाबद्दल आयोवाचा चाहता जितकं वाईट बोलतो तितकं बोलणं परक्याला जमणार नाही.

तर पोरी, नियमाचं एवढंच लक्षात ठेव. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. तीनमध्ये नाही जमलं तर बहुतेक संघ चौथ्यावर चेंडू लाथेनं लांब मारून समोरच्याला देऊन टाकतात. हा पंट. आणि लांब पास म्हणजे ढोबळमानानं हवेतून वीस यार्डांच्या पुढं टाकलेला. कबड्डीत एक चढाईपटू असतो, जो निदान रेषा ओलांडतो, हात फिरवतो आणि परत येतो. गुण नाही, पण बादही नाही. आयोवा म्हणजे तो गडी. टेनेसी थेट कोपऱ्यातल्या रक्षकाच्या अंगावर जातो. एक तर दोन-तीन गुण घेऊन येतो, नाही तर पकडला जाऊन बाकावर बसतो.

आयोवाचा २०२३ चा हंगाम मी जवळून पाहिला. चौदा सामन्यांत आयोवानं एकूण २१६ गुण केले आणि २०७ दिले. फरक नऊ गुणांचा. अख्ख्या हंगामाचा! आणि सामने जिंकले दहा. विस्कॉन्सिनला १५-६, नॉर्थवेस्टर्नला १०-७, इलिनॉयला १५-१३, नेब्रास्काला १३-१०. हरले तेव्हा मात्र पेन स्टेटकडून ३१-०, मिशिगनकडून २६-०. आदल्या वर्षीच्या पहिल्याच सामन्यात तर त्यांनी साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं होतं, आणि ते सात गुण टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात (एंड झोनमध्ये) नेऊन मिळवलेले, नव्हते. एक फील्ड गोल (लाथेनं चेंडू दांड्यांच्या मधून, तीन गुण) आणि दोन-दोन गुणांच्या दोन सेफ्टी, म्हणजे प्रतिस्पर्ध्यालाच त्याच्या एंड झोनमध्ये दोनदा पाडून मिळवलेले.

२०२३ च्या शरदात एक प्रसंग मी इतक्यांदा पाहिला की आता झोपेतही सांगता येईल. तिसरा डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न, आठ यार्ड काढायचेत. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, मागं सरकतो. उजवीकडं पास झेलणारा रिसीव्हर पळत सुटलाय, त्याच्या मागावरचा गडी दोन पावलं मागं पडलाय, स्टँडमधली सत्तर हजार माणसं अर्धी उठलीत. क्वार्टरबॅक तिकडं बघतो. बघतो एवढंच. मग चेंडू तीन यार्डांवर उभ्या असलेल्या टाइट एंडच्या (भिंतही धरणारा, झेलही घेणारा गडी) हातात. तो चार यार्ड काढून आडवा पडतो. लोक बसतात. पंट टीम मैदानात येते आणि लोक पुन्हा उठतात, या वेळी टाळ्या वाजवत.

टाळ्या खऱ्या असतात बरं का. पंटर होता टोरी टेलर, मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन. त्या हंगामात त्यानं ९३ पंटमध्ये ४,४७९ यार्ड मारले, म्हणजे चार किलोमीटरहून जास्त, आणि १९३८ पासूनचा विक्रम मोडला. 'पंट करणं म्हणजेच जिंकणं' अशा अर्थाचे टी-शर्ट इथं विकले जायचे. आक्रमणाचा प्रशिक्षक होता ब्रायन फेरेन्त्झ, मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्त्झ यांचा मुलगा. विद्यापीठानं त्याचा पगार कापून करारात कलमच घातलं होतं: सामन्याला सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय. विजय मिळाले, गुण नाही. सरासरी १५.४ वर अडकली, आणि हंगाम संपायच्या आधी, ऑक्टोबरअखेरीसच, त्याला पुढच्या वर्षी ठेवणार नसल्याचं जाहीर झालं.

आता हे भित्रेपण आहे का? मला तसं वाटत नाही. किंवा असं म्हणू, पूर्ण भित्रेपण नाही. लांब पासला वेळ लागतो. रिसीव्हरला तिथवर पोचायला तीनेक सेकंद हवेत, तोवर पुढच्या पाच धटिंगणांनी भिंत धरायला हवी. चेंडू खाली पडला तर एक प्रयत्न वाया आणि यार्ड शून्य. अडवला गेला तर चेंडूही गेला. बचाव जर सामन्याला सरासरी पंधराच्या आत गुण देत असेल, आणि बचावाचे प्रशिक्षक फिल पार्कर यांचा बचाव तेवढेच देत होता, तर मुख्य प्रशिक्षकाचा हिशेब सरळ आहे: आपण चूक करायची नाही, समोरच्याला ऐंशी यार्ड चालत यायला लावायचं, वाटेत तो कुठंतरी घसरतोच. त्यात मूळचा क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरच्या अखेरीस गुडघा दुखावून गेला, आणि त्याच्या जागी आलेल्याचे निम्म्याहून कमी पास पोचत होते. अशा हातात लांब चेंडू द्यायला मीही कचरलो असतो.

माणूस कुठून आलाय तेही बघावं. कर्क फेरेन्त्झ १९९९ पासून इथले मुख्य प्रशिक्षक, पण त्याआधी ऐंशीच्या दशकात याच संघात ते पुढच्या फळीचे प्रशिक्षक होते. त्यांना सामना त्या फळीतून, घाम आणि मातीतून दिसतो. टेनेसीचे जॉश ह्यूपल स्वतः क्वार्टरबॅक होते. २००० साली ओक्लाहोमानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा चेंडू त्यांच्याच डाव्या हातात होता. त्यांना मैदान उंचावरून दिसत असावं, मोकळ्या जागांसकट.

तरीही आयोवाच्या हिशेबात एक भोक आहे, आणि क्रिकेट बघितलेल्या माणसाला ते लगेच कळेल. फलंदाज उंच मारणारच नाही हे एकदा ठरलं की कप्तान सीमारेषेवरचा शेवटचा गडीही वर्तुळात आणतो. मग एकेरी धावही निघत नाही. इथंही तेच. लांब पास येणार नाही म्हटल्यावर समोरच्या संघाचे मागं राखणीला ठेवलेले दोन सेफ्टी (गुणांची सेफ्टी वेगळी, हे गडी) पुढं येतात, आठ-आठ जण गर्दी करतात, आणि ज्या धावण्यावर तुझा विश्वास त्याचाच रस्ता बंद होतो. लांब पास पोचला नाही तरी चालेल, पण तो अधूनमधून जायला हवा. न टाकण्याची किंमत पासमध्ये नाही, धावण्यात चुकवावी लागते.

नॉक्सव्हिलला चित्र उलटं. ह्यूपल २०२१ मध्ये आले, आणि २०२२ मध्ये टेनेसीनं सामन्याला ४६.१ गुण केले, देशात सगळ्यांत जास्त. युक्ती म्हटली तर साधी आहे. रिसीव्हर बाजूच्या रेषेला जवळपास चिकटून उभे करायचे. मैदान त्रेपन्न यार्डांहून जरासं जास्त रुंद, ते पूर्ण ताणायचं. बचावाच्या प्रत्येक गड्याला एकटं पाडायचं, आणि मग त्याला श्वास घेऊ न देता लगेच पुढचा डाव. थकलेला, एकटा, मदतीला कोणी नाही, आणि समोर रिसीव्हर जेलिन हायट सुटतोय.

१५ ऑक्टोबर २०२२, अलाबामाविरुद्ध. हायटनं सहा झेल घेतले, त्यातले पाच टचडाउन. ३६, ११, ६०, ७८ आणि १३ यार्डांचे. ७८ वाला मी टीव्हीवर पाहिला तेव्हा कॅमेराच आधी चुकला होता असं वाटलं, कारण चौकटीत त्याच्या आसपास कोणीच नव्हतं. शेवटी पंधरा सेकंद उरले असताना क्वार्टरबॅक हेन्डन हूकरनं दोन पासमध्ये ४५ यार्ड कापले आणि चेस मॅग्रानं ४० यार्डांवरून चेंडू कसाबसा, डुगडुगत, दांड्यांच्या मधून घातला. ५२-४९. २००६ नंतर अलाबामाला पहिल्यांदाच हरवलं होतं. लोकांनी गोलपोस्ट उखडून टेनेसी नदीत नेऊन टाकले, आणि मग नव्या गोलपोस्टसाठी वर्गणी गोळा केली. गणपती मंडळाची आठवण होते की नाही?

पण थांब. त्याच वर्षी जॉर्जियानं त्यांना २७-१३ असं गप्प बसवलं, कारण जॉर्जियाकडं एकट्यानं पुरे पडणारे बचावपटू होते. आणि नंतर साउथ कॅरोलायनानं ६३ गुण ठोकले. दीड मिनिटात टचडाउन करून परतणाऱ्या आक्रमणाचा त्रास आपल्याच बचावाला होतो. बिचारे पाणी पिऊन होत नाही तोवर परत मैदानात. त्याच सामन्यात हूकरचा गुडघा गेला. लांब पासची किंमत ती ही अशी, एकदम आणि रोखीत. आयोवाची हप्त्याहप्त्यानं.

दोघं समोरासमोर आले १ जानेवारी २०२४ ला, ऑर्लँडोत, सिट्रस बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात. टेनेसी ३५, आयोवा ०. आमच्या घरी त्या दिवशी मिसळ होती, एवढीच चांगली आठवण. पण या सामन्यावरून निर्णय घेशील तर फसशील. टेनेसीचा पोरसवदा क्वार्टरबॅक निको इआमालेआवा पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. त्यानं हवेतून १५१ यार्डच काढले, टचडाउन पास एकच. तीन टचडाउन त्यानं स्वतः पळून केले, पाचवा बचावानं आयोवाचा पास अडवून. म्हणजे लांब पासवाल्यांनी आम्हाला आमच्याच पद्धतीनं धुतलं. त्यांच्या लांब पासची नुसती धास्तीच पुरी पडली, सेफ्टी मागं राहिले, आणि पळायला जागा झाली.

पुढच्या वर्षी तर दोन्ही संघ एकमेकांसारखे दिसायला लागले. आयोवात टिम लेस्टर नवे आक्रमण प्रशिक्षक आले आणि केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड पळाला. टेनेसीत डिलन सॅम्पसन १,४९१ यार्ड पळाला, आणि त्या जोरावर संघ बारा संघांच्या, विजेतेपदासाठीच्या प्लेऑफमध्ये गेला (तिथं ओहायो स्टेटनं ४२-१७ असं परत पाठवलं). तेव्हा 'टेनेसी म्हणजे लांब पास' ही पाटी बघून जर्सी घेऊ नकोस. शैली प्रशिक्षकाची असते, पण ती दरवर्षी हातात असलेल्या पोरांच्या मापानं बेतावी लागते. न फेकताही सगळं जिंकता येतं, याचा दाखला मिशिगन. २०२३ मध्ये पेन स्टेटविरुद्ध त्यांनी सलग ३२ डाव चेंडू घेऊन नुसते पळण्याचे खेळले, जिंकले, आणि हंगाम १५-० असा संपवला. फक्त तशी भिंत हवी पुढं. आयोवाकडं २०२३ मध्ये ती नव्हती, आणि माझी खरी तक्रार तेवढीच.

तर तुला काय सांगू? तुला शेवटच्या मिनिटापर्यंत तीन गुणांच्या फरकावर नखं खायला आवडत असेल, एखादा चांगला पंट बघून 'वा' म्हणता येत असेल, तर आयोवा. शिवाय इथं पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, संपला की अख्खं किनिक स्टेडियम पाठमोरं होतं आणि शेजारच्या मुलांच्या रुग्णालयाच्या वरच्या मजल्याकडं हात हलवतं. खिडक्यांत आजारी मुलं उभी असतात, ती उलट हात हलवतात. खेळाडू, पंच, पाहुणा संघ, सगळे. ते एकदा तरी बघायला ये, प्रवेश कुठंही घेतलास तरी. आणि तू टाइट एंडची भक्त झालीस तर इथं देवळंच आहेत: किटल, हॉकेनसन, फँट, लापोर्टा, सगळे इथले.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे मात्र. लहानपणी कॅरममध्ये समोर सोपी सोंगटी सोडून तू कायम राणीच्या मागं लागायचीस. तशी माणसं आयोवाच्या स्टँडमध्ये दुसऱ्या क्वार्टरपर्यंत भांडायला लागतात. तुला नॉक्सव्हिल मानवेल. लाखाचं मैदान आहे, नदीतून लोक बोटी घेऊन सामन्याला येतात, थंडीही सुसह्य. हरतील तेव्हा मोठ्यानं हरतील, एवढी तयारी ठेव.

कुठंही गेलीस तरी चेंडूकडं बघत बसू नकोस. डाव सुरू व्हायच्या आधी समोरच्या संघाचे दोन सेफ्टी किती मागं उभे आहेत ते बघ. पंधरा यार्डांवर असतील तर जागची हलू नकोस. आठ-नऊवर येऊन उभे असतील आणि तुझा संघ तरीही वरून टाकत नसेल, तर चहा ठेवून ये. परत येशील तेव्हा पंट टीम मैदानात असेल.