दोन इंची की चार इंची? लेसर कटिंगच्या लेन्सचा काही महिन्यांचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं लेसर कटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. युनिफॉर्मचे लोगो, फेल्टची अक्षरं, ॲक्रिलिकच्या नेमप्लेट ही रोजची कामं. मशीन कार्बन डायऑक्साइड लेसरचं. त्याचा १०.६ मायक्रॉनचा किरण साध्या काचेतून जातच नाही, म्हणून लेन्स झिंक सेलेनाइडची, पिवळसर. मशीनसोबत दोन इंची आली होती, दिवाळीनंतर चार इंचीही घेतली. हे इंच लेन्सच्या आकाराचे नाहीत, फोकल लेंथचे, म्हणजे लेन्सपासून जितक्या अंतरावर किरण सर्वांत बारीक होतो त्याचे.

लेन्समधून गेलेला किरण अगदी टिंबाएवढा होतो असं वाटतं, पण तसं होत नाही. एका जागी तो सर्वांत बारीक होतो आणि पुढे लगेच पसरायला लागतो. ६ मिलीमीटर जाडीचा चांगला किरण दोन इंचीतून साधारण ०.११ मिलीमीटरपर्यंत बारीक होतो, चार इंचीतून ०.२३ पर्यंत. मात्र जितका बारीक, तितका पसरायची घाई जास्त. दोन इंचीत तो जेमतेम २ मिलीमीटर उंचीत कामाचा राहतो, चार इंचीत जवळपास ८.

हा फरक १० मिलीमीटर ॲक्रिलिकवर लगेच दिसतो. दोन इंचीने कापलेली कड तिरकी येते, दोन तुकडे जोडले की फट राहते. चार इंचीने कड सरळ आणि काचेसारखी चकचकीत. मशीनचा स्पीड मात्र कमी करावा लागतो, कारण तीच पॉवर चौपट क्षेत्रावर पसरते. बारीक अक्षरांना चार इंची चालत नाही. शाळेच्या लोगोतलं बोधवाक्य कोरलं, तर अनुस्वार शिरोरेघेला चिकटतात. तिथे दोन इंचीच हवी.

आपल्याकडे खरा त्रास टेरी टॉवेलच्या तुसाचा. तूस आणि धूर लेन्सवर बसला की तिथे उष्णता शोषली जाते, लेन्स मधोमध तापते आणि फोकस सरकतो. सकाळी स्वच्छ कापणारं मशीन दुपारी कडा काळ्या करायला लागलं, तर पॉवर वाढवू नका, आधी लेन्स काढून बघा. आम्ही टॉवेलचं काम असलं की एअर असिस्ट (कापायच्या जागी सोडलेला हवेचा झोत) जोरात ठेवतो आणि रोज संध्याकाळी, लेन्स गार झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्स टिश्यूने हलक्या हाताने पुसतो. बसवताना फुगीर बाजू वर, म्हणजे येणाऱ्या किरणाकडे. तडा गेलेली लेन्स उघड्या हाताने उचलू नका, झिंक सेलेनाइडची धूळ विषारी असते.

फक्त कापड आणि लोगो करत असाल तर चार इंचीवर पैसे घालू नका. जाड ॲक्रिलिकच्या ऑर्डर नियमित येत असतील तर जरूर घ्या, पण मशीनचा बेड तेवढा खाली जातो का, ते आधी मोजा.