चोख पैसे देणारी पार्टी

सांगली, कुपवाड, तासगाव भागातल्या हळद, बेदाणा आणि मसाल्याच्या छोट्या कारखानदारांनी हे वाचाच. आमचा माल गिळलेली मंडळी आता नव्या नावाने फोन फिरवताहेत, असं कानावर आलंय.

कुपवाड एमआयडीसीत आमची हळद पावडरीची छोटी गिरणी आहे. परराज्यातल्या एका पार्टीचा फोन आला. मार्केट यार्डातला त्या दिवशीचा भाव त्याला तोंडपाठ, राजापुरी हळदीबद्दल बोलणंही जाणकाराचं. पहिली ऑर्डर दोनशे किलोची, पैसे आगाऊ. दुसरी अर्ध्या टनाची, माल पोचला त्याच दिवशी पैसे खात्यात. इतकी चोख पार्टी आमच्या जुन्या गिऱ्हाइकांतही नाही. खरा व्यापारी किलोमागे दोन रुपयांसाठी अर्धा तास डोकं खातो. या माणसाने भाव कधी पाडून मागितलाच नाही.

मग सणाच्या तोंडावर पाच टनांची ऑर्डर आली. १६० रुपये दराने ८ लाख, वर ५ टक्के जीएसटी. वायदा पंधरा दिवसांचा, हातात पुढच्या तारखेचा चेक. गाडी मुक्कामाजवळ पोचल्यावर पार्टीने परस्पर ड्रायव्हरला फोन केला: "गोडाऊनला जागा नाही, अलीकडेच हायवेला शेड आहे, तिथे खाली करा." माल उतरला, बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवर, सही-शिक्का मिळाला, गाडी परत. शेड तेवढ्यापुरतं भाड्याने घेतलेलं निघालं. बिलावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान.

चेक 'खाते बंद' शेरा घेऊन परत आला. बँकेचा असा मेमो हातात पडला की ३० दिवसांच्या आत नोटीस जायलाच हवी, नाहीतर चेक न वटल्याची, कलम १३८ ची केस उभी राहत नाही. आमची नोटीस वेळेत गेली. पोलिसांनी आधी 'हा दिवाणी वाद' म्हणून हात वर केले. शेडचा प्रकार, बिल्टी आणि खोटा पत्ता एकत्र मांडल्यावर फसवणुकीचा अर्ज घेतला. पैसे अजून नाहीत. बिल फाडलं होतं, म्हणून पैसे बुडूनही त्यावरचा जीएसटी आम्हालाच भरावा लागला. बुडीत उधारीवर तो परत मिळत नाही.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उत्पादकाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, असा कायदा २००६ पासून आहे. चालढकल करणाऱ्या पार्टीला तो चांगलाच टोचतो. पळालेल्यावर मात्र व्याज लावणार कुठे?

जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की 'ॲक्टिव्ह' दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. त्याच पानावर नोंदणीची तारीख आणि रिटर्न भरल्याचा तक्ता असतो. या पार्टीची नोंदणी ताजी होती आणि तक्ता जवळपास कोरा. आता आम्ही तो तक्ता पाहिल्याशिवाय उधारीचं बोलतच नाही. नव्या पार्टीला आधी जेवढ्याचा व्यवहार झालाय, त्याच्या दुपटीपलीकडे उधार नाही, मग सणाचा सीझन का असेना. दलाल यावर नाक मुरडतात, मुरडू देत. ट्रान्सपोर्टवाल्याला बिल्टीवरच लिहून देतो: पत्ता बदलायचा तर आमच्या गिरणीतून फोन आल्याशिवाय एक पोतंही उतरवायचं नाही. परवा एका ड्रायव्हरने खरंच गाडी थांबवून फोन केला. पार्टी जुनी, ओळखीची होती. दहा मिनिटं चिडली आणि मग माल आपल्याच गोडाऊनला उतरवून घेतला.