बुधवार नाही, बुद्वार: माझ्या पहिल्या शूटचा रिव्ह्यू

भाची नागपुरात नोकरीला आहे. ती फोनवर म्हणाली, "मावशी, चाळिसावा वाढदिवस येऊन राहिला तुझा, एक बुद्वार शूट करून टाक ना." मी म्हटलं, "बुधवारी नाही जमत बाप्पा, बुधवारी बाजार रायते, बाया माप द्यायले त्याच दिवशी येतात." पोट्टी पाच मिनिटं नुसती हसत होती. मग सांगितलं की हा फ्रेंच शब्द आहे, बाईची स्वतःची खाजगी खोली, आणि तो म्हणे रुसणे या अर्थाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे रुसून बसायची खोली. अरे मग सरळ कोपभवन म्हणा ना, कैकेयीपासून आहे आपल्याकडे! तर त्या कोपभवनातले फोटो, कोणी आतल्या कपड्यांवर काढते, कोणी गाऊनमध्ये, कोणी नुसती साडी गुंडाळून, जिला जेवढं झेपेल तेवढं. नवऱ्याला गिफ्ट द्यायला पण करतात. मी कोणाला द्यायला केलं नाही. लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, त्या अल्बममध्ये अर्ध्या फोटोत माझे डोळे बंद आहेत आणि त्यानंतर जे काय फोटो ते आधार कार्डाचे.

स्टुडिओचं नाव टाकत नाही. एक तर तक्रारी आहेत आणि दुसरं म्हणजे नावावरून शोधत कोणी माझ्यापर्यंत यायला नको, पांढरकवड्याकडचं लहानसं गाव आहे आमचं, इथं एकीनं नवीन नथ घातली तर पारावर चर्चा होते. गावातल्या फोटोग्राफरकडे हे काम द्यायचा तर प्रश्नच नाही, तो लग्नात ड्रोन उडवते, बारशाचे फोटो काढते, आणि त्याची आई माझ्याचकडे ब्लाऊज शिवून घेते. नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणे, "जा ना, पन घरी कोनाले सांगू नको." सासूबाईंना सांगितलं भाचीकडे चालली, जे खरंच होतं.

फोटोग्राफर बाईच पाहिजे होती, ती मिळाली, सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी. शूटच्या आधी तिनं अर्धा तास फोनवर बोलून घेतलं, काय दाखवायचं काय नाही, कुठं वण आहे का, कोणता भाग आवडत नाही, कोणता आवडतो. या शेवटच्या प्रश्नाला मी गप्प बसली, मग म्हटलं खांदे. मग एक फॉर्म पाठवला. हा फॉर्म नीट वाचा बायांनो, मी वाचला नसता, भाचीनं वाचला. त्यात मध्येच एक ओळ होती की फोटो स्टुडिओ आपल्या जाहिरातीसाठी वापरू शकते. भाचीचं म्हणणं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे, पैसे देऊन आपण आपला फोटो काढून घेतला तर त्याचा हक्क आपला, वेगळा करार नसेल तर. आणि तो वेगळा करार म्हणजे हाच फॉर्म, ज्यावर आपण न वाचता सही ठोकून मोकळे होतो. ती ओळ पेननं खोडली, मी आणि फोटोग्राफरनं बाजूला सह्या केल्या, त्या पोरीनं कुरकुर केली नाही हे तिच्या बाजूनं लिहिते. आणखी एक, फोटो काढू दिला म्हणजे लोकांना दाखवायची परवानगी दिली असं होत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये अशा खाजगी फोटोंबद्दल हे स्पष्ट आहे, काढायला हो म्हटलं असलं तरी न विचारता तो दुसऱ्याला दिला तर गुन्हाच.

आता तयारी. वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी करा, आदल्या दिवशी केलं तर पुरळ दिसते. फेशिअलचं पण तसंच. हे सगळं तिनं सांगितलं होतं आणि मी पाळलं. न पाळलेली गोष्ट एकच, तिनं लिहिलं होतं की येताना सैल कपडे घालून या, घट्ट इलास्टिक नको. मी काय केलं, सकाळच्या एसटीनं साडी नेसून निघाली, हिंगणघाट, जाम करत नागपूर, तीन-साडेतीन तास परकराची नाडी आवळून बसलेली. स्टुडिओत जाऊन साडी सोडली तर कमरेभोवती लाल पट्टा, दोरीनं बांधून आणल्यासारखा, वर गाठ होती तिथं एक खड्डा. पोरगी बघतच राहिली. म्हणाली, "ताई, हा जाईपर्यंत थांबावं लागन." चाळीस मिनिटं आम्ही चहा पीत नाडीचा वळ जायची वाट पाहिली आणि ती चाळीस मिनिटं माझ्या शूटच्या दोन तासांतून गेली. म्हणून सांगते, पंजाबी ड्रेसवर जा, त्यातही नाडी सैल, आणि हातातल्या घट्ट बांगड्या घरीच काढून ठेवा.

मेकअपवाली वेगळी होती आणि ती मला आवडली नाही. मी सावळी आहे, वरून कापूस वेचणीला जाणारी, मनगटापासून खाली एक रंग, वर दुसरा. तिनं चेहऱ्याला दोन शेड उजळ फाउंडेशन चोपडलं. गळा वेगळा, चेहरा वेगळा, मी म्हटलं बाई हे तर दुसऱ्या कापडाची बाही लावल्यासारखं दिसून राहिलं. पुसून परत केलं पण तोंड वाकडं करून.

कपड्यांचं मात्र मला सांगू द्या, हा माझा धंदा आहे. स्टुडिओत दहा-बारा गाऊन टांगलेले, सगळे फ्री साइज. फ्री साइज म्हणजे कोणालाच न बसणारी साइज. समोरून छान दिसते कारण मागून क्लिपा लावून आवळलेलं असते, पाठ वळवली की संपलं. मुंढा, म्हणजे बाहीचं भोक, इतका खोल की हात वर केला की सगळा कारभार दिसते. मी स्वतःचं घेऊन गेली होती, इतवारीतून आणलेल्या कापडाची वाइन रंगाची स्लिप, उरेब म्हणजे तिरकं कापून शिवलेली, त्यामुळं ती अंगावरून वाहते, चिकटत नाही. फोटोग्राफरनं तीनदा विचारलं कुठून घेतली. फक्त एक चूक झाली, कापड सॅटिन घेतलं, सॅटिनवर लाइट पडला की प्रत्येक चुणी चमकते. लेस किंवा साधं मऊ कॉटन घ्या, आणि नेताना घडी घालू नका, गुंडाळी करा.

दुसरा ड्रेस म्हणून तिनं मोठ्या कौतुकानं एक ढगळ पांढरा शर्ट काढला. "ताई, नवऱ्याचा शर्ट ही क्लासिक आयडिया आहे, एकदम रोमँटिक दिसते." मला इतकं हसू आलं! अगं, मी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज साडीवरून नवऱ्याचा शर्ट घालून वावरात असते, बोंडं हाताला टोचू नये म्हणून, आमच्याकडची झाडून सगळी बाईमाणसं तशीच दिसतात, कंबरेला ओटी बांधलेली आणि डोक्याला फडकं. तिला हे माहीतच नव्हतं, नागपूरची पोरगी. पण त्याच हसण्यात तिनं पाच-सहा फोटो घेऊन टाकले आणि सगळ्या शूटमध्ये तेच सगळ्यात चांगले आले.

आता खरं शूट. पहिली पंधरा मिनिटं भयानक असतात हे धरून चला. खोलीत आम्ही दोघीच, भाची बाहेर, दार आतून बंद, मोबाईल तिचा आणि माझा दोन्ही बाहेर ठेवलेले. तरी मला हातांचं काय करू ते समजेना. मला वाटलं होतं पलंगावर टेकायचं आणि ती फोटो काढन, तसं काही नाही, अंगमेहनतीचं काम आहे. पाठीची कमान कर, टाचा वर, पायाची बोटं ताण, मान कासवासारखी पुढे काढ आणि मग हनुवटी खाली (बसल्या जागी हे करून पाहा, अगदी बावळट वाटते, फोटोत मात्र डबल चिन गायब), हाताची बोटं सैल सोड जसं काही पाण्यात आहेत. आणि हे सगळं करून चेहरा आरामात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी अंग असं धरलं की निंदणाच्या पहिल्या दिवसानंतर धरते तसं.

पण त्या पोरीची खरी कमाल इथेच आहे. ती नुसतं "पोझ द्या" म्हणत नव्हती, आधी स्वतः पलंगावर पडून करून दाखवत होती, मग मला करायला लावत होती. एकदा थांबली आणि म्हणाली, "ताई, श्वास सोडा." मला समजलंच नाही की मी दहा मिनिटांपासून पोट आत ओढून बसली आहे. वीस वर्षं झाली मला मापं घेऊन, टेप कमरेला लागला की प्रत्येक बाई पोट आत घेते, मग ब्लाऊज घट्ट झाला म्हणून माझ्याशीच भांडते, आणि मी प्रत्येकीला म्हणते सोड ना बाई श्वास. आता माझी पाळी. सोडला. पोट बाहेर आलं, तिनं फोटो घेतला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला, आणि खरं सांगते, आत ओढलेल्या फोटोत मी मार खायला उभी असल्यासारखी दिसत होती आणि यात नाही.

लाइट तिनं फार लावले नाहीत. एक मोठी खिडकी, तिला पातळ पांढरा पडदा, मला खिडकीच्या बाजूला आडवं बसवलं. अर्धं अंग उजेडात, अर्धं सावलीत, जे दाखवायचं नाही ते सावली झाकून घेते. कॅमेरा घेऊन ती चांगली लांब उभी होती, मी विचारलं काऊन, तर म्हणे जवळून काढलं की जे पुढे असते ते मोठं दिसते, म्हणून मोबाईलच्या सेल्फीत नाक मोठं येते. एवढी वर्षं मी नाकालाच दोष देत होती.

मग तक्रारी. दीडशेच्या वर फोटो दाखवले, पॅकेजमध्ये वीस, वरच्या प्रत्येक फोटोचे ४०० रुपये. आवडतात तेव्हाच हे सांगतात, मन घट्ट करून जा, मी वीसवर थांबली. पॅकेज १४,००० ठरलं होतं, बिलात १८ टक्के जीएसटी म्हणून वरून २,५२०. टॅक्स द्यायला ना नाही पण आधी सांगा ना! आमच्याकडे अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई अडीचशे, म्हणजे हे फोटो मला सहासष्ट ब्लाऊजला पडले.

एडिटिंगमध्ये आधी बोलून झालं होतं की सिझरचा वण ठेवायचा आणि रंग बदलायचा नाही. वण ठेवला, बरोबर ठेवला. रंग मात्र पहिल्या लॉटमध्ये उजळ करून पाठवला, अंगावर एक तीळ नाही, कोपरं पण गुळगुळीत, ती बाई कोण आहे मला ओळखू येईना. परत पाठवले, सात-आठ दिवसांनी दुरुस्त होऊन आले. त्यातल्या एकात मंगळसूत्राचे चार मणी त्यांनी खोडून टाकले होते, तो अजून तसाच आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. मी सांगून आली होती की फोटो पेनड्राइव्हवर घेईन, व्हॉट्सअॅपवर काही टाकू नका. रात्री नऊ वाजता "ताई, प्रीव्ह्यू पाठवले" असा मेसेज आणि खाली पाच फोटो. फोन पोराच्या हातात, गेम खेळून राहिला होता. मी भाकरी तव्यावर सोडून पळाली. "काय आहे वो माय?" "ब्लाऊजचे डिझाइन आहेत, दे इकडं." वाचली. भाकरी जळली. आपल्या घरात फोन एकट्या बाईचा नसतो हे या शहरातल्या पोरींना कोण सांगेल. तुम्ही जाणार असाल तर आधी व्हॉट्सअॅपचं ऑटो डाउनलोड बंद करा, मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा म्हणजे फोटो गॅलरीत जाणार नाही, आणि गुगल फोटोजचा बॅकअप पाहून घ्या, त्याच अकाउंटवर पोराचा टॅब चालत असेल तर इथलं तिथं दिसते. त्या पोरीला फोन करून चांगलं झापलं, माफी मागितली तिनं, पण स्टारमधून एक पूर्ण स्टार यासाठीच कापते.

फोटोग्राफर पाचपैकी चार, मेकअप दोन, गाऊन एक, हिशोब दोन. ज्यांना नवरा किंवा मैत्रीण मागं लागली म्हणून जायचं आहे त्यांनी जाऊ नका, पहिली पंधरा मिनिटं निघणार नाहीत.

अल्बम कुरिअरनं पाठवू का म्हणून विचारत होते. आमच्या गावात कुरिअर किराणा दुकानात ठेवून जाते आणि दुकानदार पाकीट हलवून पाहते. मी स्वतः जाऊन घेऊन आली, पंजाबी ड्रेसवर, एसटीत बायांना हाफ तिकीट आहेच.