बंद पडलेली विज्ञानपट-मालिका पुन्हा उभी करायचीय: जुने भाऊ, चाहता की इफेक्टवाला?

धुळे-जळगावकडच्या एखाद्या ग्रुपची अहिराणी विज्ञानमालिका चार-पाच भागांनंतर थांबली आणि आता ती पुन्हा सुरू करायची आहे, असं धरा. दिग्दर्शनासाठी बहुधा तिघं समोर येतात. पहिले भाग करणारे भाऊ, तेच भाग पाहत मोठा झालेला चाहता आणि कॉम्प्युटरवर इफेक्ट करणारा मुलगा. जगातल्या मोठ्या मालिकांनीही याच तीन प्रकारची माणसं आजमावली आहेत.

भाऊंची बाजू भक्कम आहे. जॉर्ज मिलर यांनी 'मॅड मॅक्स' १९७९ साली केला, तिसरा भाग १९८५ मध्ये आला आणि चौथा थेट २०१५ मध्ये. त्या चौथ्याला सहा ऑस्कर मिळाले. त्यामागे तयारी होती: सुमारे ३,५०० चित्रांत सिनेमा आधीच कागदावर उतरला होता. पण रिडली स्कॉट यांचं उदाहरणही समोर ठेवा. १९७९ च्या 'एलियन'मधला प्राणी कुठून आला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, भीती तिथेच होती. २०१२ आणि २०१७ च्या भागांत त्यांनी त्याचं मूळ उलगडायला घेतलं. पहिल्याने जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर कमावले, दुसऱ्याने २४ कोटींच्या आसपास. म्हणून भाऊंना एकच विचारा: आपल्या राक्षसाबद्दल काय सांगायचं नाही? उत्तर पटकन आलं तर जमेल. ते लगेच त्याची वंशावळ सांगायला बसले, तर त्यांना लेखनात ठेवा, दिग्दर्शन दुसऱ्याकडे द्या.

चाहत्याला मालिकेचे नियम तोंडपाठ असतात. अडचण अशी, की त्याला जुने संवाद, जुने चेहरे सगळे परत हवे असतात. २०२४ च्या 'एलियन: रोम्युलस'मध्ये फेडे अल्वारेझ यांनी खऱ्या बाहुल्या आणि यांत्रिक प्राणी वापरून भीती छान उभी केली, पण दिवंगत नटाचा चेहरा डिजिटल पद्धतीने आणला आणि टीका नेमकी त्यावरच झाली. डॅन ट्रॅक्टेनबर्ग यांनी 'प्रिडेटर' मालिकेतल्या २०२२ च्या 'प्रे'मध्ये उलट केलं. शिकारी तोच ठेवला, काळ १७१९ चा, नायिका कोमांची या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीची. सिनेमा पूर्ण कोमांची भाषेतही डब झाला. आपल्याकडे कथा सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे न्यायची असेल तर पात्रांच्या तोंडी पावरी ही तिथली आदिवासी भाषा हवी आणि नटही तिथलेच. अहिराणीला वेगळा हेल देऊन ते भागणार नाही.

इफेक्टवाल्याला लोक 'नुसता तांत्रिक' म्हणतात, ते चूक आहे. ताकाशी यामाझाकी यांनी २०२३ चा गॉडझिला स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला आणि इफेक्टची देखरेखही केली. ३५ कलाकारांत ६१० इफेक्ट शॉट झाले, ऑस्कर मिळालं. कारण कुठला शॉट महाग पडेल हे लिहितानाच कळत होतं. हे ज्याला कळत नाही, तो रावेरच्या केळीच्या बागेत हिरवा पडदा लावतो (एडिटिंगमध्ये त्याचा रंग काढून मागे दुसरं दृश्य बसवतात). मग पडद्यासमोर आलेल्या पानांना एडिटिंगमध्ये भोकं पडतात. तिथे निळा पडदा लागतो. नट पडद्यापासून आठ-दहा फूट पुढे हवा, नाहीतर पडद्याचा रंग अंगावर उतरतो. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांजवळ वारा कापड फडफडवतो आणि सावल्या सुरकुततात, तेव्हा चौकट चारही बाजूंनी ताणूनच बांधा. मे महिन्यात भुसावळकडे सकाळचं शूटिंग नऊच्या आत उरका. मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांनी आपल्या सिनेमात सुपरमॅन उडवला तो अशाच हिशेबी जुगाडावर.

माणूस बदलला की मालिका आपोआप उभी राहते, असंही नाही. 'टर्मिनेटर'ला २००९, २०१५ आणि २०१९ मध्ये तीन वेगळे दिग्दर्शक मिळाले. प्रत्येक वेळी नवी त्रयी सुरू करायची होती, एकही दुसऱ्या भागापर्यंत गेली नाही.

आमचा कौल चाहत्याला, पण इफेक्टवाला पहिल्या मसुद्यापासून शेजारी बसलेला हवा. एका भागात पाचापेक्षा जास्त इफेक्ट शॉट असतील, तर थेट इफेक्टवाल्यालाच दिग्दर्शक करा. ठरवण्याआधी तिघांनाही तोच दोन पानांचा प्रसंग, एकच कॅमेरा आणि एक दिवस द्या. आधी शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंगाची शॉटवार यादी, लिहून मागा आणि संध्याकाळी मोजा, लिहिलेल्यांपैकी किती शॉट मिळाले. शॉट सुंदर असले तरी निम्मेच मिळाले असतील, तर त्याच्याकडून पूर्ण भाग वेळेत होणार नाही.

भाऊंना घेतलं नाही तरी त्यांची सही मात्र आधी घ्या. पटकथा त्यांची असेल तर तोंडी होकार पुरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूबवर टाकणार असाल तर कागदावर 'जगभर' हा शब्द हवाच.