नव्या टोप्यांखालची जुनी वायर

माझ्या बोटीचे दोन सिलिंडरांचे आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन मंद गतीवर सुरळीत चालत असे, मात्र थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेताच ते झटके देऊ लागे आणि दमट सकाळी तर एकाच सिलिंडरवर चालल्यासारखे अडखळे. दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडताच ‘प्लगच्या वायरी गेल्या’ (म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या वायरी) असे सांगितले आणि त्याचे निदान अचूक होते. फसवणूक निदानात नव्हे, कामात होती. म्हणूनच ती उशिरा लक्षात आली.

इंजिन परत मिळाले तेव्हा वायरी काळ्याभोर, तुकतुकीत दिसत होत्या, प्लगवरच्या रबरी टोप्या कोऱ्या होत्या आणि ‘काढलेल्या जुन्या वायरी’ म्हणून दोन भेगाळलेले तुकडेही माझ्या हाती ठेवण्यात आले. मी पूर्ण पैसे दिले. तिसऱ्याच फेरीत पाण्याचे तुषार झाकणाखाली शिरले आणि झटके परतले. विचारणा केली असता, आता कॉइल (ठिणगीसाठी लागणारा उच्च दाब तयार करणारा भाग) निकामी झाली आहे, तीही बदलावी लागेल, असे उत्तर मिळाले.

कॉइलचे पैसे मोजण्यापूर्वी मी स्वतः तपासायचे ठरवले. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (फिरते रबरी चाक) कोरडा फिरून जळू नये म्हणून इंजिनाचा खालचा भाग पाण्यात ठेवला, अंधार पडल्यावर झाकण काढले, पेट्रोलची वाफ साचलेली नाही याची खात्री करून इंजिन सुरू केले आणि वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला. हात अर्थातच दूर ठेवला होता, कारण या वायरींत हजारो व्होल्टचा दाब असतो. खालची वायर ब्लॉकला (इंजिनाच्या धातूच्या मुख्य सांगाड्याला) घासते त्या जागी निळसर ठिणगी तडतडत ब्लॉकवर उडताना दिसली. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगमध्ये ठिणगी पडायला अधिक व्होल्टेज लागते आणि वीज आवरणाच्या भेगेतून सोपी वाट काढते. मंद गतीवर दोष का लपत होता, हे तेव्हा उमगले.

इंजिन बंद करून वायर कापडाने पुसली, तेव्हा सिलिकॉनच्या फवाऱ्याची चकाकी उतरली आणि खाली बारीक भेगांचे जाळे उघडे पडले. नवी टोपी मागे सरकवली तर तांब्याच्या तारांवर खाऱ्या पाण्याने चढलेला हिरवा गंज जसाच्या तसा होता. अशा तांब्याच्या वायरीचा रोध शून्याजवळ असायला हवा. मल्टिमीटर लावून मी वायर हलवली की आकडा उड्या मारत असे. (टोपीतच रोधक बसवलेला असेल तर काही हजार ओहम दिसणे स्वाभाविक आहे, त्यामुळे आकडा इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडून पाहावा.)

मग ते परत दिलेले तुकडे पुन्हा काढून पाहिले. दोन्ही एकाच लांबीचे होते आणि माझ्या इंजिनात वरची वायर खालचीपेक्षा वीतभर लांब आहे. म्हणजे ते माझ्या इंजिनाचे नव्हतेच. गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी बहुधा राखून ठेवलेले असावेत.

इंजिन दुरुस्तीला देण्यापूर्वी प्रत्येक वायरीची लांबी मोजावी, फोटो काढावा आणि टोपीच्या आत, सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. नव्या भागाचे रिकामे पाकीट मागावे आणि त्यावरचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. काही इंजिनांत वायर कॉइलमध्येच ओतलेली असते व वेगळी निघत नाही. तिथे नुसत्या वायरीचे बिल आले तर ते कसले, हे आधी विचारावे. वायर सुटी होत असल्यास दोन सिलिंडरांच्या वायरींची अदलाबदल करून झटका वायरीबरोबर सरकतो का, हे पाहिल्याशिवाय कॉइलला हात लावू देऊ नये. माझ्या इंजिनात नव्या वायरी मी स्वतः बसवल्या. ‘निकामी’ ठरवलेली ती कॉइल अजून तीच आहे.