‘ताई, गॅस संपली’: हायवेवरच्या फ्री एसी चेकअपपासून सांभाळा

उन्हाळ्यात गाडीचा एसी कमी लागतोय आणि रस्त्याकडेला कुणी ‘गॅस संपला’ म्हणालं, तर त्याला एकच विचारा: मग गेला कुठे? एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, पण एकदम कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस मारणारा एकतर अडाणी असतो किंवा लबाड. आम्हाला भेटलेला लबाड होता. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण त्याच्यामुळे माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईला मे महिन्यात भर दुपारी हायवेच्या कडेला बसावं लागलं. तसं आणखी कुणाच्या आईवर येऊ नये म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

मामेभावाच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही अकोल्याहून नागपूरला निघालो होतो. गाडी मी चालवत होते, मागे आई आणि माझा मुलगा. विदर्भातला मे म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. पारा 45च्या आसपास, आणि अकरा वाजले की खिडकीची काच हाताला चटका देते. एसी चालू होता. हवा थंड येत होती, पण तिला जोर नव्हता. पंखा चारवर ठेवला तरी मागे आईपर्यंत काही पोहोचत नव्हतं. हे लक्षण ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

अमरावती मागे पडल्यावर एका धाब्यावर थांबलो. शेजारीच ताडपत्रीची शेड, आणि तिच्यावर फ्लेक्स: ‘एसी, कूलंट, टायर फ्री चेकअप’. आम्ही उतरतो तोच एक पोरगा आला. बोलायला अगदी गोड. “ताई, गाडी लय तापून राह्यली. आजीबाई आहेत सोबत, एकदा चेक करून देतो. पैसे नाही लागत.”

बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून एसी लावायला सांगितला आणि नळीला मीटर जोडलं. निळ्या मीटरचा काटा 45च्या जवळ थांबला. त्याने मला मुद्दाम वाकून बघायला लावलं. “हे पाहा, शंभरच्या वर पाहिजे. अर्धी बी गॅस नाही राह्यली. अशीच चालवली तर कॉम्प्रेसर बसते, पंचवीस हजार जाते.”

इथेच खरी मेख आहे. निळं मीटर कमी दाबाच्या बाजूचं असतं, म्हणजे कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) जिथून गॅस ओढतो तिथलं. कॉम्प्रेसर चालू असताना एवढ्या उन्हात तिथे 45 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) आसपास काटा असणं म्हणजे सगळं ठीक असणं. शंभरच्या वर तो दिसतो इंजिन बंद असताना, कारण तेव्हा दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. म्हणजे त्याने मला निरोगी गाडीचा आकडा दाखवून आजार सांगितला. मीटर खरं होतं, काटा खरा होता, खोटे होते फक्त ‘शंभर पाहिजे’ हे दोन शब्द. म्हणूनच ही फसवणूक चांगल्या-चांगल्यांना कळत नाही.

मग कामं वाढत गेली. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ‘काळं पडलं’, बदलावं लागेल. टायरमध्ये हवा ‘जास्त आहे’, उन्हात फुगून फुटेल, कमी करून देतो. आम्हाला धाब्यावर बसायला सांगितलं, आईला लिंबू सरबतही त्यानेच पाठवलं. तासाभराने हिशेब हातात आला: गॅस 2,600, एसी ऑइल 500, कूलंट 900. एकूण 4,000 रुपये. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद, वर ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर. पैसे फोनवरून दिले, तेही दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी खासगी खात्यावर.

पहिली काही मिनिटं एसी बरा वाटला. मग थंड, गरम, थंड, गरम असं सुरू झालं. कोंढाळीच्या अलीकडे चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागला.

अशा वेळी काय करायचं ते आमच्या वडिलांनी ड्रायव्हिंग शिकवताना घोटून घेतलं होतं. एसी बंद, काचा खाली, आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. उन्हात हीटर लावणं वेडेपणा वाटतो, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. तो इंजिनची उष्णता खेचून आत सोडतो. आपण भाजून निघतो, इंजिन वाचतं. त्या बळावर पुढच्या एका कडुनिंबाच्या सावलीपर्यंत गाडी गेली. तिथे बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली तशी गाडी बंद केली.

आईला गाडीत बसवून ठेवणं शक्यच नव्हतं. उभी गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते. झाडाच्या बुडाशी चादर टाकली, ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळला, ओआरएसचं पाणी घोट घोट दिलं. ती काही बोलत नव्हती, चेहरा लालबुंद झाला होता. मुलगा तिला वर्तमानपत्राने वारा घालत होता. माझं सगळं लक्ष तिच्या श्वासाकडे. तेवढ्यात एक दुचाकीवाले काका थांबले आणि मदत म्हणून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. त्यांना हात धरून थांबवलं. गरम गाडीचं झाकण कधीही, कुणालाही उघडू देऊ नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. झाकण सैल झालं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

मी 1033 लावला. राष्ट्रीय महामार्गांवरच्या मदतीचा हा नंबर आहे, फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. शेवटी मामेभावाने नागपूरहून दुसरी गाडी आणली, आई तिच्यात गेली, आणि आमची गाडी टोचन लावून त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली.

त्या मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी मला समोर उभं करून एकेक गोष्ट दाखवली. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक लेबल असतं, त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन छापलेलं असतं. आमच्या गाडीचं: आर-134ए, 430 ग्रॅम. त्याने मशीन लावून सगळा गॅस बाहेर ओढला आणि काट्यावर वजन दाखवलं. 690 ग्रॅम निघाला. आधीच भरलेल्या नळ्यांमध्ये वरून कोंबला होता. गॅस जास्त झाला की पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, दाब चढतो आणि सुरक्षेसाठी असलेला स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. दाब उतरला की पुन्हा चालू. ते थंड-गरम याचंच. शिवाय कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो, त्यामुळे त्याची जास्तीची धग रेडिएटरवरच येत होती.

तरी एवढ्याने वाफ झाली नसती, असं तो म्हणाला. कूलंटची तपासणी केली तर निव्वळ हिरवा रंग टाकलेलं पाणी. आधीचं चांगलं कूलंट काढून घेतलं होतं. वर झाकण नीट बसवलेलं नव्हतं. झाकण घट्ट असेल तर आत दाब टिकतो आणि पाणी शंभर अंशांना उकळत नाही. ते सैल राहिलं की ही सगळी व्यवस्था कोलमडते. कूलंटच्या नळ्यांमध्ये हवाही अडकली होती.

टायरचं ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. चारही टायरमध्ये 24 पीएसआय हवा, जिथे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज फार पसरलेला आहे आणि तो जीवघेणा आहे. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला दबतो, वाकतो, त्याची बाजू आतून तापते, आणि फुटतो तो असाच टायर. स्टिकरवर आहे तेवढीच हवा ठेवायची, आणि मोजायची सकाळी, टायर थंड असताना. धावून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेलाच दिसणार. तो पाहून हवा काढायची नाही. नायट्रोजन भरला म्हणून यातलं काही बदलत नाही.

आणि मूळ दुखणं? डॅशबोर्डचा कप्पा उघडून त्याने मागचा एसी फिल्टर ओढून काढला. धुळीचा राखाडी थर, त्यात कडुनिंबाची वाळलेली पानं आणि एक मेलेला पतंग. हवा थंड पण जोर नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा हाच. नवा फिल्टर 350 रुपयांना बसला. गाडी चालताना थंड आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, असं होत असेल तर आधी पुढचा पंखा बघायला सांगा. तेव्हाही गॅसचा विचार नंतर.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. सोबत वहीच्या कागदाचा फोटो, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आणि नागपूरच्या मेकॅनिकने लेटरहेडवर लिहून दिलेलं गॅसचं वजन जोडलंय. त्या पोराचा नंबर आता लागत नाही. परतताना आम्ही त्याच रस्त्याने आलो, फ्लेक्स जागेवर होता आणि खाली बॉनेट उघडलेली एक पांढरी गाडी उभी होती. मी थांबून त्या कुटुंबाला सगळं सांगितलं. मीटर जोडून झालं होतं, गॅस अजून भरायचा होता. त्यांनी बॉनेट लावलं आणि निघाले.